विमानावरच्या अक्षरांवरून मालक कळतो का? घाटकोपरला कोसळलेल्या 'व्हीटी-यूपीझेड'चे उदाहरण

माळशिरस, अकलूज, नातेपुते या भागात रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या नंबर प्लेटवर 'एमएच-४५' असते. ही अकलूजच्या आरटीओची खूण. पण 'एमएच-४५' क्रमांकाची गाडी पुण्यात उभी दिसली, म्हणून तिचा आजचा मालक माळशिरस तालुक्यातलाच असणार, असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. गाडी विकली गेली असेल, हे सगळ्यांना माहीत असते. राज्यातल्या राज्यात विक्री झाली की नंबर तोच राहतो आणि आरसी बुकातले नाव बदलते.

विमानाच्या बाबतीत मात्र ही साधी सावधगिरी अनेकदा विसरली जाते. कुठे अपघात झाला, की काही मिनिटांत विमानाच्या शेपटीचा फोटो मोबाइलवर फिरू लागतो. त्यावरची अक्षरे वाचून 'हे अमक्या सरकारचे विमान', 'हे तमक्या नेत्याचे विमान' असे निष्कर्ष काढले जातात. २०१८ मध्ये मुंबईत एका जुन्या, दोन इंजिनांच्या छोट्या विमानाबाबत नेमके हेच घडले. त्या विमानाचे नोंदणी चिन्ह होते 'व्हीटी-यूपीझेड'.

ही अक्षरे काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि विमानाचा खरा मालक कुठे शोधायचा, हे या उदाहरणावरून समजून घेऊ.

नेमके काय घडले होते?

२८ जून २०१८ रोजी दुपारी एकच्या सुमारास घाटकोपर पश्चिमेच्या सर्वोदय नगर परिसरात, जीवदया लेनमध्ये, बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीजवळ एक छोटे विमान कोसळले आणि पेटले. विमानातील दोन वैमानिक आणि दोन देखभाल तंत्रज्ञ असे चौघे जण मरण पावले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका पादचाऱ्याचाही मृत्यू झाला.

विमान होते बीचक्राफ्ट कंपनीचे 'किंग एअर सी ९०'. दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणासाठी ते जुहूच्या विमानतळावरून निघाले होते.

सुरुवातीच्या बातम्यांमध्ये हे विमान उत्तर प्रदेश सरकारचे असल्याचे सांगितले गेले. शेपटीवर 'यूपी' ही अक्षरे होतीच, त्यामुळे शंका घ्यायला कोणाला कारण दिसले नाही. त्याच दिवशी उत्तर प्रदेश सरकारला खुलासा करावा लागला. हे विमान एकेकाळी आमचे होते, पण अलाहाबाद येथे त्याला अपघात झाल्यानंतर ते मुंबईच्या यूवाय एव्हिएशन या कंपनीला विकण्यात आले, असे सरकारकडून सांगण्यात आले. ही विक्री २०१४ मधली. म्हणजे अपघाताच्या वेळी विमान चार वर्षांपासून दुसऱ्याच मालकाचे होते. अक्षरे मात्र जुन्या मालकाचीच राहिली होती.

'व्हीटी' म्हणजे काय?

विमानाचे नोंदणी चिन्ह दोन भागांचे असते. पहिला भाग देशाचा, दुसरा त्या विशिष्ट विमानाचा. १९४४ च्या शिकागो करारानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या प्रत्येक नागरी विमानावर अशी खूण असावीच लागते. विमान एका वेळी एकाच देशात नोंदवता येते आणि ज्या देशात नोंदणी, त्या देशाचे त्याला राष्ट्रीयत्व मिळते.

भारतात नोंदवलेल्या नागरी विमानांची खूण 'व्हीटी' आहे. पाकिस्तानची 'एपी', बांगलादेशाची 'एस२', नेपाळची '९एन', श्रीलंकेची '४आर', ब्रिटनची 'जी' आणि अमेरिकेची 'एन'.

'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी', अर्थात व्हाइसरॉयचा मुलुख, असा एक संदेश सोशल मीडियावर वर्षानुवर्षे फिरतो. प्रत्यक्षात या खुणा रेडिओ संदेशवहनासाठी देशांना वाटून दिलेल्या अक्षरांच्या मालिकांवरून आल्या. १९२७ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर ही वाटणी झाली. त्यात 'व्ही'ने सुरू होणाऱ्या बऱ्याच मालिका ब्रिटिश साम्राज्यातल्या प्रदेशांना मिळाल्या आणि 'व्हीटीए' ते 'व्हीडब्ल्यूझेड' ही मालिका भारताच्या वाट्याला आली. त्याआधी भारतातल्या विमानांवर ब्रिटनच्या 'जी'पासून सुरू होणारी खूण असे. खुणेमागे वसाहतकाळाचा इतिहास नक्कीच आहे, पण ती कोणत्या शब्दांचे लघुरूप नाही.

या खुणेला महाराष्ट्राशी जोडलेला एक अभिमानाचा संदर्भही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केले. त्या पस मॉथ विमानाचे चिन्ह होते 'व्हीटी-एडीएन'. त्यानंतर ८५ वर्षांनी 'व्हीटी-यूपीझेड'ने अखेरचे उड्डाण केले, तेही याच जुहूवरून.

पुढची तीन अक्षरे कोण ठरवते?

भारतात ही नोंदणी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए करते. 'व्हीटी'नंतर सर्वसाधारणपणे तीन इंग्रजी अक्षरे येतात. गणिताने पाहिले तर २६ अक्षरांच्या अशा १७,५७६ जोडण्या होतात. त्यातल्या काही वापरता येत नाहीत. उदाहरणार्थ 'एसओएस' किंवा 'पीएएन' यांसारख्या संकटाच्या संदेशांशी गोंधळ होईल अशा जोडण्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार टाळल्या जातात.

अक्षरे क्रमाने मिळू शकतात किंवा जादा शुल्क भरून हवी ती अक्षरे, ती शिल्लक असल्यास, मागता येतात. गाडीला आवडीचा नंबर घेण्यासारखाच हा प्रकार. म्हणूनच सरकारी आणि खासगी मालक आपल्या नावाशी जुळणारी अक्षरे घेताना दिसतात.

महाराष्ट्रातले लक्षात राहिलेले उदाहरण म्हणजे 'व्हीटी-सीएमएम'. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर कोसळले आणि सर्व जण बचावले. राज्य सरकारच्या त्या सिकोर्स्की हेलिकॉप्टरवर हेच चिन्ह होते. २ सप्टेंबर २००९ च्या अपघातात आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचा मृत्यू झाला, ते हेलिकॉप्टर 'व्हीटी-एपीजी' होते. सीमा सुरक्षा दलाचे जे किंग एअर विमान २२ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीत द्वारकेजवळ कोसळले, त्यावर 'व्हीटी-बीएसए' होते. मध्य प्रदेश सरकारचे जे किंग एअर मे २०२१ मध्ये ग्वाल्हेरच्या धावपट्टीवर अपघातग्रस्त झाले, ते 'व्हीटी-एमपीक्यू'.

या चारही उदाहरणांत अक्षरे आणि मालक यांचा मेळ बसतो. त्यामुळेच फसगत होते. चार वेळा अंदाज बरोबर आला की पाचव्या वेळी कोणी तपासत नाही. 'व्हीटी-यूपीझेड' हे ते पाचवे उदाहरण. नोंदणी चिन्ह घेताना कोणाची आवड होती, एवढेच या अक्षरांवरून कळू शकते. आज विमान कोणाकडे आहे, हे कळत नाही.

मग मालक कुठे लिहिलेला असतो?

मालकाचे नाव नोंदणी प्रमाणपत्रात असते. हे प्रमाणपत्र म्हणजे विमानाचे आरसी बुक. त्यात नोंदणी चिन्ह, विमान बनवणारी कंपनी, मॉडेल, कारखान्याने दिलेला अनुक्रमांक आणि मालकाचे नाव-पत्ता असतो. विमान भाडेपट्ट्यावर असेल, तर तसा उल्लेखही असतो.

यातला अनुक्रमांक महत्त्वाचा. गाडीच्या चासी नंबरसारखा तो विमानाला जन्मभर चिकटलेला असतो. मालक बदलला, देश बदलला, नोंदणी चिन्ह बदलले, तरी अनुक्रमांक बदलत नाही. एखाद्या जुन्या विमानाचा पूर्वेतिहास शोधायचा तर चिन्हापेक्षा या अनुक्रमांकाच्या मागे जावे लागते.

देशातल्या देशात विक्री झाली तर चिन्ह तेच राहू शकते, प्रमाणपत्रावर नवा मालक येतो. परदेशात विक्री झाली तर इथली नोंदणी रद्द होते आणि तिथले नवे चिन्ह मिळते. नागरी नोंदणीतून विमान हवाई दलाकडे गेले तरीही खूण बदलते. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांच्या दौऱ्यांसाठी वापरली जाणारी बोइंग ७७७ विमाने आधी 'व्हीटी-एएलव्ही' आणि 'व्हीटी-एएलडब्ल्यू' होती. हवाई दलात आल्यावर ती 'के ७०६६' आणि 'के ७०६७' झाली.

गाडीला जशी आरसीबरोबर फिटनेसची गरज असते, तसे विमानालाही नोंदणी प्रमाणपत्र पुरेसे नाही. उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र वेगळे लागते आणि त्याचा ठराविक काळाने आढावा घेतला जातो. भाडे घेऊन प्रवासी न्यायचे असतील तर त्यासाठीचा परवाना आणखी वेगळा. म्हणजे 'विमान नोंदलेले आहे' याचा अर्थ 'विमान उडण्यायोग्य आहे' असा होत नाही.

विमानाची ओळख आगीतही टिकावी, यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत आणखी एक तरतूद आहे. नोंदणी चिन्ह कोरलेली, आगीत न जळणारी धातूची पट्टी विमानाच्या मुख्य दरवाजाजवळ बसवलेली असते. बाहेरची रंगवलेली अक्षरे जळून गेली तरी विमान कोणते, हे या पट्टीवरून कळू शकते.

किंग एअर कुठून आले?

किंग एअर हे छोट्या व्यावसायिक विमानांतले एक अतिशय यशस्वी घराणे. बीच एअरक्राफ्ट ही कंपनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील विचिटा शहरात वॉल्टर बीच आणि त्यांच्या पत्नी ऑलिव्ह ॲन बीच यांनी सुरू केली. १९५० मध्ये वॉल्टर यांच्या निधनानंतर कंपनीची सूत्रे ऑलिव्ह ॲन यांच्याकडे आली आणि त्यांच्याच कारकिर्दीत किंग एअर जन्माला आले. पहिल्या नमुना विमानाने जानेवारी १९६४ मध्ये उड्डाण केले. 'सी ९०' हे मॉडेल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे अनेक दशके बनत राहिल्या. सर्व प्रकार धरून आजवर सात हजारांहून अधिक किंग एअर विमाने बनली आहेत. 'व्हीटी-यूपीझेड' हे नव्वदच्या दशकातले विमान होते.

या विमानाला टर्बोप्रॉप म्हणतात. बाहेरून पंखा दिसतो म्हणून ते जुन्या पेट्रोल इंजिनाच्या विमानासारखे वाटते, पण आत जेट विमानासारखेच टर्बाइन असते. केरोसीनच्या जातीचे इंधन जळते, गरम वायूने टर्बाइन फिरते आणि त्या ताकदीवर पुढचा पंखा चालतो. सी ९० वर प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची 'पीटी६' मालिकेतली दोन इंजिने असतात, प्रत्येकी साधारण ५५० अश्वशक्तीची.

दोन वैमानिक आणि पाच-सहा प्रवासी घेऊन ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास वेगाने हे विमान जाते. जेटच्या तुलनेत इंधन कमी लागते आणि लहान धावपट्टी चालते. जिल्ह्याच्या गावी असलेल्या छोट्या धावपट्ट्यांवर मंत्री, अधिकारी, रुग्ण किंवा औषधे पोहोचवायची असतील तर हे गुण मोलाचे ठरतात. त्यामुळेच भारतातल्या अनेक राज्य सरकारांनी आणि उद्योगसमूहांनी किंग एअर घेतले.

फोटोवरून ओळखायचे तर सी ९० चा पंख विमानाच्या पोटाखालून जातो, दोन्ही पंखांवर एकेक इंजिन असते आणि शेपटीचा आडवा पंख खाली, नेहमीच्या जागी असतो. मोठ्या किंग एअर २०० आणि ३५० मध्ये तो उभ्या शेपटीच्या टोकावर, इंग्रजी 'टी'सारखा बसवलेला असतो.

जुने विमान म्हणजे धोकादायक विमान का?

नुसत्या वयावरून तसे म्हणता येत नाही. विमानाचे आयुष्य वर्षांबरोबरच उड्डाणाच्या तासांवर आणि किती वेळा ते उडाले-उतरले यावर मोजले जाते. प्रत्येक महत्त्वाच्या भागाची मुदत ठरलेली असते. ती संपली की भाग तपासावा, दुरुस्त करावा किंवा बदलावा लागतो. जगात तीस-चाळीस वर्षे जुनी किंग एअर विमाने रोज उडतात.

विमान वापराविना पडून राहिले तर मात्र वेगळे प्रश्न उभे राहतात. वापरात नसलेल्या ट्रॅक्टरचे काय होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रबरी सील कडक होतात, टाकीत साचलेले पाणी इंधन खराब करते, तारांचे जोड गंजतात. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. विमानाचा वेग मोजणाऱ्या बारीक नळीत किड्याने घर केले, तरी वैमानिकाला चुकीचा आकडा दिसू शकतो. म्हणून असे विमान पुन्हा उडवण्याआधी सविस्तर तपासणी होते आणि शेवटी चाचणी उड्डाण केले जाते.

चाचणी उड्डाणात सामान्य प्रवासी नसतात, गरजेपुरती माणसेच असतात. दुरुस्तीनंतर काही चुकले असेल तर ते पहिल्यांदा याच माणसांसमोर येते. घाटकोपरला गेलेले चौघे असेच कामावर होते. पाचवी व्यक्ती तर फक्त रस्त्याने चालली होती.

चुकीचा मालक सांगितल्याने काय बिघडते?

अपघातानंतर लोकांच्या मनात येणारे प्रश्न रास्त असतात. दुरुस्ती कोणी केली? उड्डाणाला परवानगी कोणी दिली? दाट वस्तीवरून चाचणी उड्डाण का? नुकसानभरपाई कोण देणार? या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी विमान कोणाच्या ताब्यात होते, यापासून सुरू होतात. मालकाचे नावच चुकले तर सगळे प्रश्न चुकीच्या दारात जातात.

'व्हीटी-यूपीझेड'च्या वेळी हेच होण्याचा धोका होता. पहिले काही तास चर्चा लखनौच्या सरकारकडे वळली आणि प्रश्न मात्र मुंबईत विचारायचे होते. मृतांच्या नातेवाइकांनाही अशा वेळी भलत्याच कार्यालयांची नावे कळतात. शिवाय राजकीय रंग चढला की मूळ मुद्दा, म्हणजे देखभाल आणि सुरक्षितता, मागे पडतो.

भारतात अशा अपघातांचा तपास विमान अपघात तपास विभाग, म्हणजे एएआयबी करतो. परवाने देणारी डीजीसीए आणि तपास करणारी यंत्रणा वेगळी असावी, यासाठी २०१२ मध्ये हा विभाग सुरू झाला. त्याच्या अहवालात विमानाचा अनुक्रमांक, मालक, चालवणारी संस्था, देखभालीचा इतिहास आणि वैमानिकांचा अनुभव असे सगळे तपशील असतात. दोष ठरवणे हा या तपासाचा हेतू नसतो. असा अपघात पुन्हा होऊ नये, हा असतो.

फोटो आला तर काय तपासायचे?

पुढच्या वेळी एखाद्या विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा फोटो मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी या गोष्टी पाहता येतात.

पहिली गोष्ट, पूर्ण चिन्ह वाचा. ते पंखाखाली आणि शेपटीजवळ असते. नियमानुसार पंखावरची अक्षरे किमान ५० सेंटिमीटर आणि बाजूची किमान ३० सेंटिमीटर उंच असावी लागतात. एखादे अक्षर अस्पष्ट असेल तर अंदाजाने भरू नका. एका अक्षराने विमानच बदलते.

दुसरी, देश पाहा. 'व्हीटी' नसेल तर विमान भारतात नोंदलेले नागरी विमान नाही. ते परदेशी असेल किंवा सैन्यदलाचे.

तिसरी, मालक अक्षरांवरून ठरवू नका. डीजीसीएच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत विमानांची माहिती असते. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवरूनही मॉडेल आणि चालवणारी कंपनी कळू शकते, मात्र तिथली नोंद जुनी असण्याची शक्यता धरून चाला.

चौथी, मालक, चालवणारा आणि प्रवासी हे तीन वेगळे असू शकतात. निवडणुकीच्या सभेसाठी अकलूजला किंवा माळशिरसला उतरलेले हेलिकॉप्टर त्यातून उतरणाऱ्या नेत्याचेच असते असे नाही. ते बहुतेकदा भाड्याने घेतलेले असते आणि दुसऱ्या दिवशी त्यातून दुसऱ्याच पक्षाचा नेता उतरू शकतो.

पाचवी, फोटोची तारीख तपासा. मालक बदलण्याआधीचा जुना फोटो नव्या अपघाताच्या नावाने फिरू शकतो.

आणि शेवटची, पहिल्या तासाभरात मिळालेल्या माहितीवर ठाम मत बनवू नका. गाडीच्या नंबरवरून मालक ठरवत नाही, तर विमानाच्या अक्षरांवरूनही ठरवू नये. खरा मालक कागदावर असतो. 'व्हीटी-यूपीझेड'वर शेवटपर्यंत 'यूपी' ही अक्षरे होती, कागदावर मात्र मालक चार वर्षांपूर्वीच बदलला होता.